पैसा आला, खर्च झाला, पण लेकराला काय भेटलं?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या का शाळेचा पैसा मार्चमधी येते आणि मार्चमधीच संपते. त्यावर एवढे मेसेज आले का सगळ्यांना उत्तर देणं काही होणार नाही, म्हणून त्यातले सहा प्रश्न घेतले. मी तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधी काढली, आधी बाई (शिक्षिका) म्हणून, मग केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाची प्रमुख) म्हणून, त्यामुळं यातलं बरंचसं स्वतः केलेलं आणि काही ठिकाणी चुकलेलं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या गावची झेडपीची शाळा, पहिली ते पाचवी, पट 68. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, सहा महिने झाले. फेब्रुवारीच्या शेवटी सर म्हणाले का अनुदान आलं, 31 मार्चच्या आत खर्च करा नाई तर परत जाते. मंग घाईघाईत भिंती रंगवल्या, दोन लिहायचे फळे घेतले. आता जुलैत पंखे बंद, बिल थकलेलं, मीटर कापतो म्हणून लाईनमन सांगून गेला. आमचं चुकलं काय? आणि बजेट बनवाचं म्हणजे नेमकं काय कराचं, आम्हाले तर कोणी शिकवलं नाही. (एक कास्तकार पालक, तालुका दारव्हा)

उत्तर : दादा, चुकलं ते फेब्रुवारीत नाही चुकलं, त्याच्या चार महिने आधी चुकलं. तेव्हा कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं म्हणून फेब्रुवारीत जे पहिलं डोळ्यासमोर आलं ते केलं, आणि भिंत सगळ्यात आधी डोळ्यासमोर येते.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या. तुम्हाला मिळालं ते समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान. 2018 मधी सर्व शिक्षा अभियान, माध्यमिकचं अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण असं सगळं एकत्र करून ही योजना झाली, महाराष्ट्रासाठी केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. अनुदान पटावर ठरते : 30 पर्यंत पट असला तर 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार आणि त्याच्यावर 1 लाख. ही वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात कधी अर्धेच येतात. तुमचा पट 68 म्हणजे 25 हजारात बसता. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर गेले पाहिजे, आणि बाकी लाईटबिल, पाणी, खडू-रजिस्टर, मोडलेल्या वस्तू, बारीकसारीक डागडुजी, शिकवायचं साहित्य यासाठी वापरता येतात. म्हणजे लाईटबिल यातूनच भरायचं होतं.

आता हा पैसा पूर्वीसारखा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. 2021 मधी केंद्राच्या योजनांचा पैसा एकाच मुख्य खात्यात ठेवायची पद्धत आली, तुमचं खातं शून्य शिलकीचं, तुम्हाला फक्त एक मर्यादा दिली जाते आणि मार्चअखेर ती वापरली नाही तर परत. म्हणून सर घाई करत होते, त्यांचाही दोष नाही. पण मर्यादा कधी येईल ते आपल्या हातात नसलं तरी ती आली का कशावर खर्चायची हे तर आपल्या हातात आहे ना.

माझी पद्धत सांगते. एका कागदाचे चार भाग पाडायचे : काम काय, पैसे किती, कोण पाहणार, आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं. हा चौथा भाग आमच्याकडं कोणीच लिहीत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात आधी लिहायला पाहिजे. बिल महिन्याला 500 धरलं तर वर्षाचे 6 हजार, ओळखायचं कसं तर मागची बाकी शून्य आणि दर वर्गात एक पंखा चालू. स्वच्छता 4 हजार : फिनाईल, साबण, नळाच्या तोट्या. ओळखायचं कसं तर दुपारच्या सुट्टीत हात धुवायच्या जागी साबण आहे का नाही, बस. खडू-कागद-छपाई 4 हजार, डागडुजी 6 हजार, वाचायची पुस्तकं न साहित्य 4 हजार, आणि 1 हजार अडीअडचणीला. झाले 25. आता समजा अर्धेच आले तर? तर काय कापायचं तेही आत्ताच लिहून ठेवा. आमच्या शाळेत आधी बिल, मग पाणी-साबण, मग पुस्तकं आणि रंग सगळ्यात शेवटी, हे भिंतीवर चिकटवलेलं होतं. मग फेब्रुवारीत पैसा येऊ द्या का मार्चच्या 25 तारखेला, अर्ध्या तासात काम होते.

आणि हा कागद म्हणजे कोणाची मेहरबानी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 मधी लिहिलं आहे का समितीनं शाळा विकास आराखडा बनवायचा आणि सरकारनं योजना न अनुदान त्याच्याच आधारे द्यायचं. आराखडा तीन वर्षांचा, त्याच्या पोटात दरवर्षीचा एक-एक. आता खरं सांगते, मी पाहिलेले बरेच आराखडे एकाच शाळेवरून उतरवलेले होते, पट बदलायचा आणि नाव बदलायचं. एका आराखड्यात तर शेजारच्या गावच्या विहिरीचा उल्लेख तसाच राहून गेला होता. असला कागद वर गेला का वरचे लोकही तो वाचत नाहीत, आणि मग खरी गरज लिहिणाऱ्या गावाचाही कागद त्याच गठ्ठ्यात जाते.

वेळ कोणती ते सांगून ठेवते. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पोळ्यापर्यंत पट स्थिर होते. यूडायसची (दर शाळेची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी नोंदीची) माहिती नीट भरून घ्या, कारण शाळांच्या केंद्रावरून तालुका, तालुक्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून राज्य आणि राज्याचं वार्षिक नियोजन न अंदाजपत्रक दिल्लीच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढं, हा सगळा प्रवास त्याच आकड्यांवर चालते. वर्गखोली मोडकळीला आली आणि तुमच्या फॉर्मात "चांगली" अशी टिक पडली, तर दिल्लीत तुमची खोली चांगलीच आहे. दिवाळी झाली का आराखड्याची मिटिंग लावा, सोयाबीन घरात आलेलं असते न कापसाच्या वेचणीतून एखादी संध्याकाळ निघते.

थकलेल्या बिलाचं सध्या असं करा का समितीचा ठराव घेऊन ग्रामपंचायतीला पत्र द्या. त्याबद्दल खाली सरपंच भाऊंच्या उत्तरात लिहिलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी चार वर्षांपासून सहशिक्षक आहे. आम्हाला दर आठवड्याला काही ना काही माहिती भरायला लागते, फोटो टाका, लिंक भरा, आज इतके वाजेपर्यंत. याला सनियंत्रण म्हणतात. वर्षाच्या शेवटी मूल्यमापन म्हणून परत तेच आकडे. दोन्हीत फरक काय? आणि यातून शाळा सुधारते का खरंच, का आम्ही फक्त भरून राहिलो? (एक शिक्षक, तालुका मेहकर)

उत्तर : सर, तुमच्या प्रश्नातला वैताग मला समजते कारण त्या लिंका खाली पाठवणाऱ्यांत मीही होते. फरक सोपा आहे. ठरल्यासारखं काम चालू आहे का हे चालू असतानाच पाहणं म्हणजे सनियंत्रण, म्हणजे अजून सुधारता येते तेव्हाच. आणि त्या कामानं लेकरांच्या बाबतीत काही बदललं का, बदललं तर त्याच कामामुळं बदललं का, हे थांबून तपासणं म्हणजे मूल्यमापन. गोंधळ इथं होते का आपण दोन्हीच्या जागी तिसरंच काहीतरी करतो, खर्चाचा हिशोब. पैसे आले, बिल लागलं, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा वापरल्याचा दाखला) गेलं, फाईल बंद. हिशोब पाहिजेच, पण हिशोब चोख आहे याचा अर्थ काम झालं असा होत नाही.

एक गोष्ट सांगते, ती अजूनही मनातून जात नाही. माझ्या केंद्रातली एक सातवीपर्यंतची शाळा होती, गावाचं नाव सांगत नाही. तपासणीच्या फॉर्ममधी "मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह : आहे / नाही" असा रकाना. मी दोन वर्षं "आहे" वर टिक केली, कारण ते होतं. पत्र्याचा निळा दरवाजा, वर शंभर-दोनशे लिटरची काळी टाकी, बाहेर योजनेचं नाव रंगवलेलं. फोटोही काढला होता. तिसऱ्या वर्षी भादव्यातल्या उन्हात मी दुपारच्या सुट्टीनंतरही थांबले, कारण गाडीची चाकं पंक्चर होती. सातवीच्या वर्गात बसले आणि सहज मुंडकी मोजली. सकाळच्या हजेरीत 11 मुली होत्या, आता 5. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, घर जवळ आहे, जेवायला जातात न येत नाहीत. मग मी एका पोरीला बाजूला घेऊन विचारलं तर ती खाली पाहत म्हणाली, बाई, तिथं कुलूप असते. चावी ऑफिसात होती, कारण पाणी नव्हतं, टाकीला जोडणारा पाईपच कधी टाकला नव्हता, आणि पाण्याशिवाय घाण होते म्हणून कुलूप. म्हणजे सगळे आपापल्या जागी बरोबर होते, बिल बरोबर, फोटो बरोबर, माझी टिकपण बरोबर, आणि सहा पोरी रोज अर्धी शाळा सोडून घरी चालल्या होत्या.

तिथून मी माझ्यापुरता रकाना बदलला. "आहे/नाही" च्या ऐवजी "आज सकाळपासून किती मुलींनी वापरलं" आणि "दुपारनंतर सातवीत किती मुली". पाईपाचा खर्च बाराशे-चौदाशेच्या आसपास आला होता, गावातल्याच प्लंबरनं लावला. दिवाळीनंतर दुपारच्या 9 मुली झाल्या, एकदा 10.

आता यात पाईप लागला का ते पाहणं हे सनियंत्रण, आणि दुपारच्या मुली वाढल्या का हे मूल्यमापनाची सुरुवात. सुरुवातच म्हणते, कारण दिवाळीनंतर ऊन कमी झालं होतं, वर्गशिक्षिकाही नवीन आल्या होत्या, तर वाढ पाईपामुळं का या गोष्टींमुळं हे एका शाळेवरून सांगता येत नाही. यासाठी तुलना लागते. याचं एक फार चांगलं उदाहरण बिहारचं आहे. तिथं 2006 मधी नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला लागले. मुली वाढल्या हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्या सायकलमुळंच वाढल्या का? कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बिहारच्या मुलींची तुलना तिथल्याच मुलांशी केली, शिवाय शेजारच्या झारखंडशीही केली जिथं ही योजना नव्हती. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या त्या वयाच्या मुली 32 टक्क्यांनी वाढल्या, मुला-मुलींमधलं अंतर 40 टक्क्यांनी कमी झालं, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळेपासून 3 किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. या शेवटच्या गोष्टीनं माझी खात्री पटली, कारण सायकलचं काम लांबच्या गावातच असते. आपल्याकडं मानव विकास या राज्याच्या कार्यक्रमातल्या 125 तालुक्यांत मुलींना सायकली आणि एसटीच्या बसा दिल्या गेल्या, विदर्भातले कितीतरी तालुके त्यात आहेत. तुमच्या तालुक्यात असतील तर सायकली किती वाटल्या हे न विचारता दहावीपर्यंत त्यातल्या किती मुली टिकल्या हे विचारा, गावनिहाय, अंतर लिहून.

शाळा सुधारते का म्हणून विचारलं. माहिती वर गेली आणि परत खाली आलीच नाही तर नाही सुधारत. म्हणून माझा सल्ला एवढाच का जी लिंक भरायचीच आहे ती भरा, पण त्यातला एक, फक्त एक आकडा आपल्या शाळेसाठी निवडा. तो दर महिन्याच्या समितीच्या मिटिंगमधी फळ्यावर लिहा, मागच्या महिन्याच्या शेजारी. पालक आकडा पाहून प्रश्न विचारतात, आणि तुमच्यासारख्या शिक्षकाला अशा प्रश्नांनी बळच भेटते.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झालो. शाळेच्या लोकांचं म्हणणं का ग्रामपंचायतीनं पैसे द्यावे, आमचे सचिव म्हणतात शाळा झेडपीची, आपला संबंध नाही. खरं काय? (सरपंच, तालुका आर्वी)

उत्तर : भाऊ, इमारत झेडपीची असली तरी लेकरं तुमच्या गावचीच आहेत आणि कायदा तुम्हाला कुठं अडवत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 या वर्षांसाठीचा जो पैसा ग्रामपंचायतींना ठरला त्यातला 60 टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी न स्वच्छतेसाठीच, आणि 40 टक्के अबंधित. शाळेच्या नळाला पाणी, हात धुवायची जागा, स्वच्छतागृहाची टाकी हे सरळ बंधितमधी बसते, लोकांना वाटते का फक्त गावच्या टाकीसाठीच आहे, तसं नाही. अबंधितमधून गावाला जे गरजेचं वाटेल ते, फक्त त्यातून पगार न आस्थापनेचा खर्च काढता येत नाही. आयोग बदलला का टक्केवारी बदलते, म्हणून सचिवांना चालू वर्षाचं पत्रच समोर ठेवायला सांगा, तोंडी नको.

पण पैसा द्यायचा तर काम आराखड्यात पाहिजे. "आमचा गाव आमचा विकास" चा आराखडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून बनायला लागते, पुढं तो ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाईटवर चढते, आणि तिथं नाव नसलं का वर्षभर कितीही हात जोडा काही होत नाही. म्हणून शाळा समितीचा ठराव त्याच्या आधी घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवायला समितीतल्या आईलाच उभं करा. समितीत 75 टक्के पालक न निम्म्या बाया असाव्या लागतात, मग वाचायला सरांनीच का उठायचं. ठरावात "शाळा दुरुस्ती" असं मोघम लिहू नका. "मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत 40 फूट पाईप न एक टाकी, जानेवारीच्या आत, आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत पाणी चालू असल्याचं समितीनं सांगायचं" असं लिहा. काम झालं का नाही ते मग अख्ख्या गावाला कळते.

प्रश्न : आमच्या टोल्यावरच्या शाळेत 14 पोट्टे. एवढ्याशा पोट्ट्यांवर एवढा खर्च परवडत नाही असं सगळे बोलून राहिले. आमी काय उत्तर द्यावं? (एक पालक, तालुका धानोरा)

उत्तर : खर्च भागिले लेकरं असा हिशोब केला तर छोटी शाळा महागच दिसणार, कारण पट 60 पर्यंत कितीही असो, कायद्याच्या अनुसूचीप्रमाणं शिक्षक दोन लागतात. पण शाळा नसली तर काय खर्च येते हे त्या हिशोबात कोणी धरत नाही. आपल्या नियमाप्रमाणं पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत पाहिजे न सहावी ते आठवीची 3 च्या आत. तुम्ही असं करा, पुढच्या शाळेपर्यंतचं अंतर नकाशावरून नका सांगू, ऑगस्टमधी चालत जाऊन मोजा. वाटेत नाला किती, तो किती दिवस भरून वाहते, सात वर्षांच्या लेकराला किती वेळ लागते, तारीखवार वहीत लिहून ठेवा. त्या वहीवर ग्रामसभेचा ठराव लावा. तुमच्याकडं पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असेल तर आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येते आणि शिक्षण हा त्यातला एक विषय आहे, ठरवायचा अधिकार तुमच्या ग्रामसभेचा.

आणि एक, 14 लेकरांतली किती जणं वाचतात हेपण लिहा. सगळी वाचत असतील तर याहून चांगलं उत्तर नाही. वाचत नसतील तर आधी तेच काम हाती घ्या, शाळा वाचवायची तर शिकणारी शाळा वाचवू.

प्रश्न : समितीची सदस्य आहे पण पासबुक कधी दाखवत नाहीत, सह्या मात्र घेतात. मागितलं तर भांडण होईल का? गावात राहायचं आहे. (एक आई, तालुका मूर्तिजापूर)

उत्तर : ताई, एकट्यानं मागू नका, मिटिंगमधी मागा. मिटिंग महिन्याला व्हायलाच पाहिजे. पहिला विषय म्हणून "मागच्या महिन्यातला जमा-खर्च वाचून दाखवणे" असं इतिवृत्तात लिहून घ्या. एकदा विषयपत्रिकेवर आलं का ते कोणावर संशय घेणं राहत नाही, रिवाज होते. मी कितीतरी मुख्याध्यापक पाहिले जे हिशोबात अगदी स्वच्छ होते, फक्त पैशाचं गावासमोर बोलायची त्यांना भीती वाटे. कोऱ्या कागदावर सही मात्र करू नका, कितीही घाई असो. सगळं करून नाहीच दाखवलं तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज पंचायत समितीत, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागते.

प्रश्न : बाई, माझी नात चौथीत आहे. पोरगा-सून पुण्याकडं कामाले, लेकरू माझ्यापाशी. प्रगतिपत्रकावर सगळं चांगलं लिहिलं असते, श्रेणी बी चांगली. पण परवा मी तिले कीर्तनाचं पत्रक वाचाले दिलं तर ते अडखळून रडाले लागली. मले वाचता येत नाही, मंग मी कसं समजू का ते शिकून राहिली का नाही? (एक आजी, तालुका दर्यापूर. पत्र शेजारच्या मुलानं लिहून पाठवलं)

उत्तर : आजी, तुम्ही जे केलं तेच खरं मूल्यमापन आहे. समोर कागद ठेवला, वाचायला लावलं आणि ऐकलं. 2005 पासून "असर" नावाचं सर्वेक्षण देशभर गावागावांत हेच करते. लेकराच्या घरी जायचं, एकेकट्याला वाचायला द्यायचं : अक्षर, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, अशा चार पायऱ्या. लेकरू कोणत्या पायरीपर्यंत वाचते ते लिहायचं. गुण नाहीत, पास-नापास नाही. सरकारनंही 2021 मधी निपुण भारत सुरू केलं ते याचसाठी, का 2026-27 पर्यंत तिसरी संपेस्तोवर प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं न साधी गणितं यावी. म्हणजे तुमच्या नातीला ते चौथीत येणं ही काही जास्तीची अपेक्षा नाही.

प्रगतिपत्रक खोटं आहे असं समजून शाळेवर चिडू नका. आकारिक मूल्यमापनात वह्या, उपक्रम, तोंडी, चित्र, सगळ्याचं मिळून होते, त्यात वाचणं एकटं झाकलं जाते. शिवाय तीस-चाळीस लेकरांत जे गप्प बसते न पाठ करून म्हणते ते बाईंना दिसतच नाही कधी कधी. तुमची नात मला तशीच वाटते.

तुम्हाला वाचता येत नसलं तरी हे पाहता येते. शेजारच्या त्या मुलाला सांगा, दुसरीच्या बालभारतीतला न वाचलेला एक उतारा काढ. पुस्तक नवीन पाहिजे, कारण जुना धडा लेकरं पाठच म्हणतात. तिला वाचू द्या, तुम्ही फक्त ऐका. बोट एकेका अक्षरावर थांबते का शब्दावरून सरकते ते पाहा, वाचून झाल्यावर "काय झालं त्यात, मले सांग" म्हणा. सांगता आलं तर समजलं. नाही आलं तर कुठं अडली तिथं पेन्सिलीनं बारीक खूण करा न खाली तारीख टाका. हे करताना तिला रागावू नका, जवळ घेऊन बसा, ती पहिल्यांदा रडली ते लाजेनं रडली.

मग ते पुस्तक घेऊन बाईंकडं जा, एकट्या जा, शाळा सुटल्यावर. "माझी नात इथं अडते, काय करू?" एवढंच विचारा. तक्रार म्हणून गेलात तर त्या प्रगतिपत्रक दाखवतील, खूण दाखवलीत तर त्या पुस्तकात पाहतील. आणि वरच्या दारव्ह्याच्या दादांसारखा तुमच्या समितीचा जो कोणी अध्यक्ष असेल त्याच्या कानावर घाला का यंदाच्या आराखड्यात गोष्टीच्या पुस्तकांना पैसे धरा, न शेवटच्या रकान्यात "चौथीतली किती लेकरं न अडखळता वाचतात" असं लिहा.

दिवसाला पंधरा मिनिटं, झोपायच्या आधी, तिनं तुम्हाला वाचून दाखवायचं. तेच कीर्तनाचं पत्रकही ठेवून द्या जपून. महिन्याभरानं परत द्या तिला, आणि पेन्सिलीची दुसरी खूण कुठं पडली ते मला शेजारच्या मुलाकडून कळवा.